कोयनेचं मोल नुसत्या युनिटवर ठरवू नका

‘एकूण विजेत जलविद्युतचा वाटा थोडाच, मग तिचं एवढं कौतुक कशाला?’ हा जलविद्युतवरच्या लेखातला सवाल मला पटला नाही. वीज किती, याइतकंच ती कधी मिळते हेही महत्त्वाचं. संध्याकाळी सौर वीज उतरते आणि नेमके तेव्हाच पुण्यात घरोघरी दिवे लागतात. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की ग्रिडची, म्हणजे वीजवहनाच्या जाळ्याची, वारंवारिता (प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं) ठरलेल्या ५० हर्ट्झच्या खाली घसरू लागते; तेव्हा जादा वीज लगेच हवी असते. कोळशाचा थंड संच पेटवून जोडायला कित्येक तास जातात. पाण्याचं टर्बाइन काही मिनिटांत भार उचलतं. अख्खं ग्रिड बसलं तर पहिली वीजही बहुधा अशाच जलविद्युत केंद्रातून मिळते, कारण तिथला संच सुरू करायला बाहेरची वीज फारशी लागत नाही.

कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट, पण तिथली वीज मुख्यतः पश्चिमेकडे वळवलेल्या पाण्यावर होते आणि त्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. म्हणून ते पाणी गरजेच्या वेळेसाठी राखावं लागतं. युनिट कमी दिसतात ती त्यामुळेही.

आणि आपण पुणेकरांनी मुळशी धरण विसरू नये. तिथलं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरून वीज देतं; त्या धरणाखाली जमिनी गेलेल्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला होता. लेखात त्यांचा उल्लेख हवा होता.