पन्नाशीतला धंदा : एका रागावलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो. ते पाठवलं नाही, बरं झालं. सकाळी वाचलं तर त्यात निम्मं स्वतःची बाजू सावरणंच होतं.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'नव्याने सुरुवात करायला वय आड येत नाही' हा माझा लेख बेजबाबदार आहे, असं आपलं म्हणणं. असेच लेख वाचून आपल्या थोरल्या भावाने ५४व्या वर्षी नोकरी सोडली, सगळी पुंजी एका डीलरशिपमध्ये घातली आणि १४ महिन्यांत दुकानाला कुलूप लागलं. तरलेल्या चौघांची नावं घ्यायची आणि बुडालेल्या हजारोंबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ही फसवणूक आहे. आणि शेवटचा टोला: "तुमचं घर कोणाच्या पगारावर चाललं, तेही लिहा की."

शेवटापासूनच सुरू करतो. बायकोच्या पगारावर चाललं. पहिली दोन वर्षं तर जवळजवळ पूर्णच. हे लेखात यायला हवं होतं, आलं नाही. चूक माझी.

दुसरी कबुली कर्नल सँडर्सबद्दल, म्हणजे तळलेल्या चिकनची केएफसी काढणाऱ्या अमेरिकन माणसाबद्दल. 'पासष्टीत शून्यातून उभा राहिला' असं मी ठोकून दिलं, कारण ही गोष्ट सगळीकडे तशीच सांगतात. आपल्या टोल्यानंतर तारखा लावून पाहिल्या. जन्म १८९०चा. १९३० साली केंटकीतल्या कॉर्बिन गावी त्याने पेट्रोल पंप घेतला आणि तिथेच येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवू घालायला लागला. आपली पाककृती दुसऱ्याला वापरायला देण्याचा पहिला करार १९५२चा, म्हणजे त्याचं स्वतःचं हॉटेल चालू असतानाचा. नवा महामार्ग गावाला वळसा घालून जाणार म्हणून ते हॉटेल पडत्या भावात विकावं लागलं, ते १९५६ साली. तेव्हा त्याच्यापाशी पैसा नसेल, पण पंचवीस वर्षांचा हात बसलेला होता आणि आधीच जमलेला एक करार होता. याला शून्य कसं म्हणायचं? माझं दुसरं उदाहरण जपानच्या तैकिचिरो मोरींचं. अर्थशास्त्राची प्राध्यापकी सोडून ते १९५९ साली, पंचावन्नाव्या वर्षी, इमारतींच्या धंद्यात उतरले हे खरं. पण वडिलांच्या इमारती आधीपासून होत्या, हे मी गाळलं. दोन्ही परिच्छेद आता दुरुस्त केले आहेत.

आता जिथे आपलं पटत नाही तिथे येतो. 'धंदा हे पोरांचं काम, पन्नाशीत तो जुगार' असं आपण लिहिलंय. बुडालेल्यांना मोजत नाही ही आपली तक्रार माझ्या लेखापुरती रास्त आहे. पण मोजणारे आहेत. पिएर अझुले, बेंजामिन जोन्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या नोंदींतून, किमान एक माणूस कामाला ठेवणाऱ्या कंपन्यांचे सुमारे २७ लाख संस्थापक तपासले. यात चाललेलेही आले आणि बुडालेलेही. कंपनी काढतानाचं सरासरी वय ४२च्या आसपास निघालं. सगळ्यात वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्या पाहिल्या तर ते ४५. मला त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. ज्यांनी त्याच क्षेत्रात आधी काम केलं होतं, त्यांची यशाची शक्यता बरीच जास्त होती. म्हणजे वय किती यापेक्षा उडी किती लांब, हा प्रश्न मोठा.

माझी उडी आखूड होती. २२ वर्षं कारखान्याच्या देखभाल विभागात गेली. पंप, कॉम्प्रेसर, रात्री-अपरात्रीचे ब्रेकडाउन. एकोणपन्नासाव्या वर्षी बाहेर पडलो तेही याच कामासाठी: लहान कारखान्यांची यंत्रं वर्षाच्या करारावर सांभाळायची. त्याआधी दीड वर्ष सुट्टीच्या दिवशी तेच करत होतो. नोकरी न सोडता धंदा सुरू करून मग पूर्ण वेळ त्यात उतरणाऱ्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, असा २०१४चा एक अभ्यास आहे. मी काही तो वाचून ठरवलं नव्हतं. भीती वाटत होती, एवढंच.

आणि तरीही आपटलो. बेअरिंग कुठलं जाणार ते आवाजावरून सांगता यायचं, पण पैसे मागता येत नव्हते. बावीस वर्षं पगार महिन्याच्या महिन्याला आपसूक जमा झालेला. मागायची सवयच नाही. पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकाने बिल पाच महिने अडकवलं. सुटे भाग मी रोखीने आणलेले, मदतनिसाची मजुरी दर आठवड्याची, आणि मी मात्र फोनवर "काही घाई नाही" म्हणतोय! वहीत नफा दिसत होता, खात्यात काही नव्हतं. नफ्यातला धंदाही असा मरतो, हे मला पन्नाशीत कळलं. आता भागांचे पैसे आधी घेतल्याशिवाय यंत्र उघडत नाही. तेव्हा गुडघेही कुरकुरायला लागले होते. यंत्राखाली आता तरुण पोरगा शिरतो, मी बाहेर उभा राहून ऐकतो. शरीराबद्दल आपण लिहिलंय त्यावर माझा वाद नाही.

आपला सर्वांत वजनदार मुद्दा मात्र आपण जाता जाता टाकलाय: तिशीत बुडालेला माणूस भरून काढायला तीस वर्षं हातात ठेवून असतो, चोपन्नाव्या वर्षी बुडालेला नाही. याला माझ्याकडे तोड नाही. म्हणूनच बायकोने माझ्याकडून एक रक्कम आणि एक तारीख कागदावर लिहून घेतली होती. त्यापलीकडे गेलं की पुन्हा नोकरी शोधायची. रक्कम पाळली. तारीख एकदा पुढे ढकलली, त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. लेखात नव्या उमेदीबद्दल तीन परिच्छेद होते आणि या कागदाबद्दल एक ओळ नव्हती, म्हणजे आपला राग अगदीच अनाठायी नाही.

आपल्या भावाने काय करायला हवं होतं हे मी सांगणार नाही, तो अधिकार मला नाही. एकच विचारतो. डीलरशिपच्या करारात उरलेला माल कंपनीने परत घेण्याचं कलम आहे का, आणि अनामत रक्कम किती दिवसांत परत द्यायची असं लिहिलंय? अशी कलमं पुष्कळदा असतात, आणि मागण्याची मुदतही तिथेच बारीक अक्षरात दिलेली असते. दुकान बंद केल्यावर ते कागद पुन्हा उघडायची भावाची इच्छा नसेल, ते समजू शकतो. त्यांना नको असेल तर आपण मागून घ्या आणि एखाद्या वकिलाला दाखवा, शक्यतो याच आठवड्यात.