सरळ उभी राहा म्हणण्याआधी ओटा मोजा

कंबर दुखते असं एखादी बाई म्हणाली की तिला मिळणारे सल्ले ठरलेले असतात. सरळ बसत जा, वजन कमी कर, कॅल्शियम घे. तिच्या घरचा ओटा किती उंच आहे, हे कुणीच विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

आपण उभं कसं राहतो, बसतो कसं, याकडे मी नेमाने लक्ष द्यायला लागले तेव्हा सगळ्यात आधी स्वयंपाकघर दिसलं. गॅसपाशी माझे खांदे कानांकडे चढतात आणि सिंकपाशी पाठीची कमान होते. एकाच खोलीत, चार पावलांच्या अंतरात, शरीर दोन उलट दिशांना ओढलं जातं. हिशेब केला तर कारण लगेच कळतं. हल्लीचा ओटा साधारण ३४ इंचांचा. त्यावर शेगडी चार-पाच इंच, त्यावर कढई. म्हणजे उलथनं फिरवायचं ते ४२-४३ इंचांवर. माझी उंची पाच फूट आणि कोपर जमिनीपासून साधारण ३७ इंचांवर. मग भाजी परतायची तर खांदा उचलावाच लागतो, आणि चार पदार्थ होईपर्यंत तो उचललेलाच राहतो. संध्याकाळी मान भरून येते ती तिथून. सिंकचा तळ उलट ओट्याच्या सात-आठ इंच खाली. तिथे माझा नवरा भांडी घासतो. तो पावणेसहा फूट, त्यामुळे माझ्याहून जास्त वाकतो. अशा दोघांना बिल्डरने एकच ओटा दिलाय.

उभ्याने करायच्या कामांचा ढोबळ नियम असा: चिरणं, निवडणं यांसारखं हलकं काम कोपराच्या चार ते सहा इंच खाली यावं. जोर लावायचा असेल तर त्याहून खाली. म्हणून कणीक उंच ओट्यावर मळताना मनगटं दुखतात; अंगाचा भार हातांवर येतच नाही. पूर्वी परात जमिनीवर घेऊन मळत, तेव्हा तो भार आपोआप यायचा. जुनं ते सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. गुडघे झिजलेल्या बाईला पाटावर बसवणं ही शिक्षाच आहे. पण विळीवर बसलेली बाई एक पाय उभा, एक आडवा ठेवायची, मधेच पाय बदलायची, मीठ आणायला उठायची. तिची बैठक सतत मोडत होती, आणि शरीराला तेच हवं असतं.

कारण मणक्यांमधल्या गाद्यांना मोठ्या वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडला की त्यांतलं पाणी बाहेर जातं, दाब सुटला की परत आत येतं आणि शेजारच्या हाडांतल्या रक्तवाहिन्यांतून त्यांना अन्न पोचतं. ताठ बसून तासभर न हलणाऱ्या माणसाच्या गाद्यांनाही हे नीट मिळत नाही. म्हणून ते ‘पाठ ताठ ठेवणारे’ पट्टे बघितले की मला राग येतो. दुखणाऱ्या माणसाला ते एकाच जागी आवळून ठेवतात आणि दोष त्याच्याच सवयीचा आहे असं वर सुचवतात.

यावर मला पटलेला विचार आपल्या पुण्यातलाच आहे. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि २०१४ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, इथेच शिकवत राहिले. त्यांच्या पद्धतीत हात जमिनीला टेकत नसेल तर हाताखाली लाकडी वीट येते. पाय पकडता येत नसेल तर पट्टा, पाठीला आधार हवा तर लोड किंवा खुर्ची. माणसाने ताणून वस्तूपर्यंत पोचायचं नाही, वस्तू त्याच्यापर्यंत आणायची.

घरात हे पैसे न घालताही करता येतं. गॅसपाशी बुटकी व्यक्ती असेल तर पायाखाली रुंद, न घसरणारा पाट. सिंकमध्ये एक टब उपडा घालून त्यावर घासायचं भांडं ठेवलं तर तळ वर येतो. सिंकखालच्या कपाटाचं दार उघडून एक पाऊल आत टेकवा आणि थोड्या वेळाने पाय बदला. कंबरेला लगेच फरक जाणवतो. मटार सोलणं, पालेभाजी निवडणं ही कामं उभ्याने करायचं काही कारणच नाही. नवीन किचन करून घेत असाल तर कंत्राटदार माप सांगेल त्याआधी, घरात जो जास्त स्वयंपाक करतो त्याचं कोपर मोजा.

हा विषय घराबाहेरही तितकाच खरा आहे. कॅलिफोर्नियात लेट्यूस आणि बीटच्या शेतांत मजुरांना जेमतेम हातभर दांड्याच्या कुदळीने दिवसभर वाकून काम करावं लागे. आखूड दांड्यानेच काम नेमकं होतं असं मालक म्हणायचे. शिवाय पाठ सरळ करायला उठलेला मजूर मुकादमाला लांबून दिसायचा. कितीतरी जणांच्या पाठी कायमच्या गेल्या. अखेर मजुरांच्या लढ्यानंतर १९७५ साली त्या कुदळीवर बंदी आली. लेट्यूस नंतरही पिकतच राहिलं. आपल्याकडे खुरपणीला रोजाने जाणारी बाई आजही उकिडवी बसून सरी संपवते. सायकल कोळपं उभ्याने चालवता येतं, दोन ओळींमधलं बरंच तण काढतं. ते घरात असलं तरी बहुधा पुरुषांच्या हातात असतं. ते बायकांच्या हातात का जात नाही, हे प्रत्येक शेतकरी घराने स्वतःला विचारावं.

आणि कापडदुकानांत दिवसभर उभ्या असलेल्या मुली. केरळमध्ये अशाच बायकांनी भांडून २०१८ साली कामावर बसायचा हक्क कायद्यात आणला, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा बदल केला. आता दिवाळीची खरेदी सुरू होईल. साडी बघायला बसाल तेव्हा काउंटरच्या पलीकडे, दाखवणारीसाठी स्टूल आहे का, तेवढं बघा. नसेल तर मालकाला मोठ्याने विचारा. गिऱ्हाइकाने विचारलं की ते ऐकतात.