‘वॉकीटॉकी घ्या, रिपीटर आहेच’ या मजकुराला उत्तर

पावसाळा जवळ आला की ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा: मोबाइलला रेंज नसली तरी काळजी नको. दोनेक हजारांचा चिनी वॉकीटॉकी मागवा, जवळच्या हॅम रिपीटरची (परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅमच्या, पुनःप्रसारण यंत्राची) फ्रिक्वेन्सी टाका, बटण दाबा आणि बोला. कुठूनही बोलणं होतं, सेवा फुकट आहे, अधूनमधून बटण दाबून तपासत राहा, आणि संकटात लायसन्स कोणी विचारत नाही. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यावर भरवसा ठेवून कोणी डोंगरात गेला, तर ऐन वेळी त्याचा आवाज कुठेही पोचणार नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कुठूनही बोलणं होतं.’ होत नाही. रिपीटर उंचावर बसवलेला असतो. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि ऐकलेलं त्याच क्षणी दुसरीवर, जास्त ताकदीने, प्रसारित करतो. त्याला तुम्ही ऐकू आलात तरच पुढचं सगळं. दोन मीटर बँडच्या, म्हणजे आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या, लहरी साधारण सरळ रेषेत जातात. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावरून, मध्ये डोंगर आडवा नसेल तर, हातातल्या पाच वॅटच्या सेटवरून लांबचा रिपीटरही उघडू शकतो, म्हणजे तुमचा सिग्नल ऐकून प्रसारण सुरू करू शकतो. त्याच गडाच्या नळीच्या वाटेत किंवा सांधण दरीच्या तळाशी दोन्ही बाजूंना कातळ असतो. तिथून ती आशा धरू नये. आणि मदतीची गरज बहुधा अशाच जागी पडते.

‘फ्रिक्वेन्सी टाकली की झालं.’ याने तर उलटाच परिणाम होतो. समजा रिपीटर १४५.६०० वर बोलतो आणि ६०० किलोहर्ट्झ खाली, १४५.००० वर, ऐकतो. तुम्ही फक्त १४५.६०० टाकलंत तर तुम्हाला सगळे स्पष्ट ऐकू येतील, पण तुमचा आवाज रिपीटरपर्यंत जाणारच नाही. उलट आसपास जो कोणी रिपीटर ऐकत असेल त्याच्या कानावर तुम्ही आदळाल. शिफ्ट, म्हणजे या दोन फ्रिक्वेन्सींमधला फरक, बरोबर लावली तरी बऱ्याच रिपीटरना ठरावीक सीटीसीएसएस टोन, म्हणजे आवाजासोबत जाणारा खालच्या पट्टीचा खुणेचा सूर, लागतो. तो नसेल तर रिपीटर गप्पच राहतो.

‘बटण दाबून तपासत राहा.’ हे कृपया करू नका. नुसतं बटण दाबून सोडलं की रिपीटर उघडतो, खरखरतो, बंद होतो, आणि घरी, गाडीत, कामावर सेट चालू ठेवून बसलेले सगळे ‘कोणाला काही हवंय का’ म्हणून कान टवकारतात. रीत सोपी आहे: आधी थोडा वेळ ऐका, मग आपला कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेलं ओळखचिन्ह) सांगून ‘मॉनिटरिंग’, म्हणजे ‘मी ऐकतोय’, म्हणा.

‘फुकट आहे, हवं तितकं बोला.’ मला सर्वांत जास्त खटकतं ते हे. रिपीटर फुकट नसतो. ड्युप्लेक्सर (एकाच अँटेनावर एकाच वेळी ऐकू आणि बोलू देणारा फिल्टर), अँटेना, केबल, बॅटरी यांचा खर्च क्लब किंवा एखादा हॅम स्वतःच्या खिशातून करतो. पावसात कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की कोणीतरी सुट्टीच्या दिवशी वर चढून ते काढतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका वेळी तिथे एकालाच बोलता येतं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर दोघांचंही बोलणं किंचाळीत बुडतं, किंवा, हे सेट एफएम पद्धतीने चालत असल्यामुळे, जोरकस सिग्नल अशक्ताला पूर्ण गिळतो. आता हा अशक्त सिग्नल कोणाचा असेल, ते पाहा: दरीतून, संपत आलेल्या बॅटरीवर बोलणाऱ्याचा. म्हणून समोरच्याचं बोलणं संपल्यावर लगेच बटण दाबायचं नाही. रिपीटरची बीप ऐकायची, दोन-तीन सेकंद जाऊ द्यायचे. त्या फटीत ज्याला निकड आहे तो ‘ब्रेक’ म्हणू शकतो. आपली पाळी आली की बटण दाबून क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. लांबण लावली तर रिपीटरमधला टाइमर मध्येच रिपीटर बंद करतो. दोघं एकमेकांना थेट ऐकू येत असाल तर सिम्प्लेक्सवर, म्हणजे रिपीटरशिवाय एकाच फ्रिक्वेन्सीवर थेट बोलण्यावर, जा आणि रिपीटर मोकळा करा. शिष्टाचार म्हणून सांगितलं जातं ते सगळं या फटीसाठी आहे.

‘संकटात लायसन्स विचारत नाही.’ यात अर्धं सत्य आहे. संकटात सापडलेल्या स्टेशनने मदत मागण्यासाठी हाताशी असेल ते साधन वापरावं, याला आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावली आडकाठी करत नाही. पण ती सूट त्या क्षणापुरती आहे. दर रविवारी ‘कुठे पोचलात’ विचारायला नाही. परवान्याशिवाय असा सेट जवळ बाळगायलाही १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून मनाई आहे. शिवाय कधीच न वापरलेला सेट अंधारात, गारठलेल्या हातांनी बरोबर लागत नाही. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी आधी ११२ लावून पाहा. दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क मिळत असेल तर तो कॉल जातो.

ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी हॅम परवान्याची परीक्षा द्यावी. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही देता येते, परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन व समन्वय) शाखा देते. तोवर ग्रुपच्या पुढच्या आणि मागच्या माणसात संपर्क ठेवायचा असेल, तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे मान्यताप्राप्त, कमी शक्तीचे सेट घ्या. त्यांना परवाना लागत नाही.