तीनशे दोन फूट आणि माझे दोन पाय

"बाबा, आज शंभर आहे!" ऑस्टिनला लेकाकडे गेल्यावर पहिल्याच रविवारी त्याने उन्हाचा आकडा सांगितला आणि माझ्या पोटात गोळा आला. मग कळलं, फॅरनहाइट. म्हणजे आपले अडतीस. अडतिसाला आम्ही सोलापुरात 'जरा बरं आहे आज' म्हणतो. निघालो टेक्सासचं विधानभवन बघायला. नडलं ते ऊन नाही, नडले लेकाने हौसेने आणलेले नवे बूट.

दारात तपासणी. पट्टा काढा, किल्ल्या काढा, खिसे रिकामे करा. हिच्या पर्समधला चिवड्याचा डबा मशीनमधून गेला आणि पलीकडच्या सुरक्षारक्षकाच्या भुवया वर गेल्या. त्याने तो उघडून बघितला. तेवढ्यात शेजारच्या वेगळ्या वाटेने एक गृहस्थ कार्ड दाखवून सरळ आत गेले.

"ते कोण? आमदार?"

"नाही बाबा, त्यांच्याकडे पिस्तुलाचा परवाना आहे. त्यांना मेटल डिटेक्टरमधून जावं लागत नाही."

मी पँट सावरत चिवडा परत घेतला.

इमारत देखणी आहे, खोटं कशाला बोलू. तांबूस ग्रॅनाइट, ३०२ फूट उंची, वॉशिंग्टनच्या कॅपिटलपेक्षा, म्हणजे देशाच्या संसदभवनापेक्षाही जास्त. लेक हे अशा थाटात सांगत होता की पायाभरणीला घमेली यानेच उचलली असावीत. सरकारकडे तेव्हा पैसा नव्हता, जमीन रग्गड होती. म्हणून बांधणाऱ्यांना मोबदल्यात ३० लाख एकर देऊन टाकली. तीस लाख एकर! इथे अकरा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावरून थोरले बंधू आणि मी नऊ वर्षं एकमेकांच्या घरी चहा घेतलेला नाही. १८८८ साली काम पुरं झालं. दारांच्या पितळी बिजागऱ्यांवरसुद्धा इमारतीचं नाव कोरलंय. आमच्याकडे लग्नातल्या भांड्यांवर घालतात, तसं.

इथलं नेहमीचं अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, फार तर १४० दिवस. "बाकीचे दिवस काय करतात?" हिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माझ्याकडे बघितलं. निवृत्त माणसाने अशा वेळी छताकडे बघावं. बघितलं. घुमटात एक तारा आहे, खालून मंगळसूत्राच्या वाटीएवढा दिसतो. लेक म्हणाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ फूट आहे. मान अवघडली. टाचेचा फोड तोवर फुटला होता.

मग गोलघुमटासारखा प्रकार. शाळेच्या सहलीत विजापूरला ओरडून आलेलो असल्यामुळे मी तज्ज्ञ. लेकाने मला एका बाजूला भिंतीपाशी उभं केलं आणि पलीकडे गेला. "हळू बोला, मला तिकडे ऐकू येईल." मी भिंतीकडे तोंड करून कुजबुजलो, "पायाची वाट लागलीय रे. तुझ्या आईला काहीतरी सांग आणि घरी ने. तिची हौस काय, जन्मात फिटायची नाही."

शांतता. वळून बघितलं, तर लेक मधोमध उभा राहून तो तारा मोबाइलमध्ये टिपत होता. पलीकडे भिंतीपाशी लाल काठाची साडी.

आणि मग दगडातून, अगदी कानाशी, आवाज आला, "अहो, संध्याकाळी पुलाखालची पंधरा लाख वटवाघळं बघायचीत. मैलभर आहे. चालतच जाऊ."