बॅकअप सर्व्हरचा पासवर्ड हरवलाय? मग आधी तो फॉरवर्ड डिलीट करा

माझ्या मावसबहिणीनं सांगलीहून एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, हे करू का?" तिचं छोटं सीए ऑफिस आहे. मागच्या कपाटाशेजारी सिनॉलॉजी कंपनीचा दोन डिस्कचा डबा आहे, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांच्या फायली ठेवणारा छोटा बॅकअप सर्व्हर. सगळ्या क्लायंटची टॅली, जीएसटीची रिटर्न्स, ऑडिटचे स्कॅन केलेले कागद यांचा रोजचा बॅकअप त्याच्यावर जातो. ज्या मुलानं तो बसवून दिला, तो केव्हाच पुण्याला दुसऱ्या नोकरीत गेला. अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्याच्या डोक्यात होता आणि आता त्यालाही आठवत नाही.

तिनं विचारलं म्हणून वाचलं. दुसऱ्या कुणी न विचारता तसंच करून टाकलं असतं, ही भीती आहे. हा मेसेज अकाउंटंटांच्या आणि कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांच्या ग्रुपमध्ये फिरतोय, आणि त्यातलं एक वाक्य एखाद्या ऑफिसचं वर्षानुवर्षांचं काम पुसून टाकू शकतं.

मेसेजचा सारांश असा. "बॅकअप सर्व्हरचा पासवर्ड विसरलात? दहा मिनिटांत फुकट परत मिळवा." मागचं रीसेट बटण दहा सेकंद दाबून ठेवा. मग यूजरनेम आणि पासवर्ड दोन्ही 'अ‍ॅडमिन' टाका, प्रत्येक कंपनीचा हाच असतो. तरी उघडलं नाही तर डिस्क काढून विंडोजच्या कॉम्प्युटरला लावा, फॉरमॅट करायचं का विचारलं तर 'क्विक फॉरमॅट' करा, त्यानं डेटा जात नाही. एन्क्रिप्शन (डेटा किल्लीनं कुलूपबंद ठेवणं) असलं तरी काळजी नको, कंपनीकडे मास्टर की असते. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायची रचना) आहे म्हणजे दुसरी कॉपी आहेच. आणि शेवटी, अडलात तर या मोबाइल नंबरवर फोन करा, आम्ही ऑनलाइन येऊन करून देतो.

यातल्या एकेका मुद्द्याकडे वळण्याआधी, लिहिणाऱ्याच्या ध्यानातच न आलेली गोष्ट सांगतो. अ‍ॅडमिनचा पासवर्ड हरवला म्हणजे डेटा हरवला असं होत नाही. डबा चालू आहे, रात्रीचा बॅकअप होतोय, ऑफिसातल्या मुलींना त्यांच्या कॉम्प्युटरवर शेअर्ड फोल्डर दिसतोय. बंद आहे ते फक्त सेटिंगचं दार. त्यामुळे पहिलं काम एकच: एक यूएसबी हार्ड डिस्क आणा आणि साध्या यूजरच्या लॉगिननं जे जे फोल्डर उघडतात ते सगळे तिच्यावर उतरवून घ्या. त्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघा. सगळेच फोल्डर साध्या यूजरला दिसतील असं नाही, पण जे हातात येतंय ते तरी आधी सुरक्षित करा. मग ज्या कॉम्प्युटरवरून सेटअप झाला होता त्याच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलाय का ते पाहा. लॉगिनच्या पानावर 'पासवर्ड विसरलात' असा दुवा असेल आणि सेटअपच्या वेळी ईमेल जोडलेला असेल, तर काम तिथेच होतं. अ‍ॅडमिनचे अधिकार असलेलं दुसरं एखादं खातं असलं तरी चालतं. बटणाला हात लावायची वेळ यानंतर येते.

आता बटण. इथे मला नाइलाजानं मान्य करावं लागतंय की मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. रीसेटचं बटण असतं आणि ते याच कामासाठी असतं. पण "दहा सेकंद" हे कुठून आणलं? सिनॉलॉजीच्या नॉलेज सेंटरमध्ये रीसेटचं स्वतंत्र पान आहे. कुणीही उघडून वाचावं, कारण मेसेज लिहिणाऱ्यानं ते वाचलेलं दिसत नाही. पद्धत अशी आहे: डबा चालू असताना मागच्या बारीक भोकात पेपरक्लिपचं सरळ केलेलं टोक घाला, साधारण चार सेकंद दाबा, एक बीप आला की लगेच सोडा. एवढंच. यानं मूळ अ‍ॅडमिन खातं पूर्ववत होतं, नेटवर्कचं सेटिंग आपोआप पत्ता घेण्यावर जातं, लॉगिनच्या पानाचे पोर्ट, म्हणजे पत्त्यामागे लागणारे आकडे, मूळच्या ५००० आणि ५००१ वर येतात. फायली, इतर यूजर आणि शेअर्ड फोल्डर जागच्या जागी राहतात. अ‍ॅडमिनमधून आत गेलं की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलता येतात. एका बीपनंतर दहा सेकंदांच्या आत परत दाबून तीन बीप येऊ दिले, तर मात्र डब्याची सिस्टिम नव्यानं बसवायची तयारी सुरू होते. तेव्हाही कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे डेटा राहतो, पण सेटिंग जातात. पासवर्डसाठी त्या दुसऱ्या पायरीची गरज नाही.

क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या डब्यात तर "दहा सेकंद" सरळसरळ चूक आहे. तिथे तीन सेकंद आणि एक बीप म्हणजे पासवर्ड आणि नेटवर्कपुरतं रीसेट. दहा सेकंद आणि दोन बीप म्हणजे यूजर, ग्रुप, शेअर्ड फोल्डरची मांडणी, सगळी सेटिंग साफ. डेटा डिस्कवर राहतो, पण फोल्डर पुन्हा उभे करत बसावं लागतं. ऑडिटच्या हंगामात, तीस सप्टेंबर तोंडावर असताना, रिकामी यादी बघून माणूस घाबरतो आणि त्या घाबरलेल्या अवस्थेत पुढची चूक करतो.

तशीच घाबरगुंडी साध्या रीसेटनंतरही उडते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. डब्याचा नेटवर्कवरचा पत्ता बदलतो. आधी १९२.१६८.१.५० असेल तर आता शेवटचा आकडा वेगळा येतो. सकाळी सगळ्या कॉम्प्युटरवर झेड ड्राइव्हवर, म्हणजे डब्यातल्या शेअर्ड फोल्डरवर, लाल फुली दिसते, टॅली "डेटा सापडत नाही" म्हणते आणि ऑफिसात ओरड होते की सगळं उडालं. काहीही उडालेलं नसतं. सिनॉलॉजी असिस्टंट या कंपनीच्या प्रोग्रॅममधून नवा पत्ता शोधा, जुनाच पत्ता पुन्हा कायम करून द्या, फुली जाते.

आणखी एक. या रीसेटनं फायरवॉलचे (बाहेरून कुणाला आत येऊ द्यायचं ते ठरवणारे) नियम आणि चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्याला अडवणारी सोय हे दोन्ही बंद होतात. मेसेजमध्ये याचा उल्लेख नाही. राउटरमधून डबा बाहेरच्या जगाला उघडा ठेवलेला असेल, घरून काम करता यावं म्हणून अनेकांनी ठेवलेला असतो, तर रीसेटच्या वेळी इंटरनेटची वायर काढून ठेवा. ऑगस्ट २०२१ मध्ये सिनॉलॉजीनंच इशारा दिला होता की स्टेल्थवर्कर नावाचं बॉटनेट (हॅकरांनी ताब्यात घेतलेल्या यंत्रांचं जाळं) अशा डब्यांवर अ‍ॅडमिनचे पासवर्ड अंदाजानं मारत फिरतंय. नवा, लांब पासवर्ड ठेवून आणि फायरवॉल परत लावूनच वायर जोडा.

'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' सगळीकडे चालतं हेही खोटं. जुन्या क्यूनॅपवर चालायचं. नव्यांवर रीसेटनंतरचा पासवर्ड त्या त्या डब्याचा वेगळा असतो, त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसवरून किंवा क्लाउड कीवरून (दोन्ही त्या डब्याच्या स्वतःच्या ओळखीचे क्रमांक). सिनॉलॉजी तुम्हाला नवा ठेवायला लावते. रीसेट न करता अंदाजानं मारत बसलात, तर तोच डबा तुमचा कॉम्प्युटर ब्लॉक करतो.

आता ज्या वाक्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. "डिस्क काढून विंडोजला लावा आणि क्विक फॉरमॅट करा, डेटा जात नाही."

असं करू नका. कुणी करत असेल तर त्याला थांबवा.

या डब्यांच्या आत विंडोज नाही, लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम असते. डिस्कवर आधी सॉफ्टवेअर रेडचा थर, त्यावर बहुतेक वेळा एलव्हीएमचा (जागेचे भाग पाडणारा) थर, आणि त्यावर बीटीआरएफएस किंवा ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम. विंडोजला यातलं काहीच वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणून ती डिस्क तिला कोरी वाटते, आणि कोऱ्या डिस्कला ती जे विचारते तेच इथे विचारते: इनिशियलाइज करू का, फॉरमॅट करू का. त्या खिडकीतलं 'ओके' दाबलं की विंडोज पार्टिशनच्या सुरुवातीला स्वतःची नोंद लिहिते. ही डिस्क कोणत्या रेडचा कितवा भाग आहे, ही माहितीही तिथेच असते. ती गेली की डबासुद्धा स्वतःची डिस्क ओळखेनासा होतो.

"क्विक फॉरमॅटनं डेटा जात नाही" ही समजूत कुठून आली तेही माहीत आहे. साध्या पेन ड्राइव्हवर किंवा जुन्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट फक्त यादी नवी करतं, मजकूर खाली पडून असतो, म्हणून रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं फोटो परत मिळतात. तेवढं खरं. पण इथे मजकूर दोन-तीन थरांत विखुरलेला असतो, त्याचा नकाशाच फाडल्यावर तो जोडायला तज्ज्ञ लागतो आणि पैसेही लागतात. आणि डब्यात एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर तेवढीही आशा नाही. विंडोज फॉरमॅट करताना एसएसडीला ट्रिमची सूचना देते, म्हणजे ही सगळी जागा आता मोकळी समज. एसएसडी मग तो मजकूर आतून खरोखर पुसून टाकते. त्यानंतर कुठलीच लॅब काही करू शकत नाही.

चालू डब्यातून एकामागून एक डिस्क उपसणंही तसंच. एका डिस्कच्या बिघाडाला तोंड देणाऱ्या रचनेतून दोन उपसल्या की अख्खा व्हॉल्यूम, म्हणजे डिस्क जोडून झालेली सगळी साठवणूक, कोसळतो.

डबाच मेला असेल, बटणानंही काही होत नसेल, तर डिस्क बाहेर काढून वाचायचा अधिकृत मार्ग आहे आणि तोही सिनॉलॉजीनंच लिहून ठेवलाय. डबा बंद करा. प्रत्येक डिस्कवर जागेचा नंबर लिहा. सगळ्या डिस्क एकत्र एका कॉम्प्युटरला जोडा, तो विंडोजमधून नाही तर उबुंटू या लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून चालू करा, तिथे रेड आणि एलव्हीएम जोडून घ्या आणि डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडा. मग फायली दुसरीकडे उतरवा. पासवर्डची इथे गरजच पडत नाही, कारण अ‍ॅडमिनचा पासवर्ड डिस्कवरच्या फायलींना कुलूप लावत नसतो.

कुलूप लावतं ते एन्क्रिप्शन, आणि तो मुद्दा मेसेजनं एका ओळीत उडवलाय. अ‍ॅडमिनचा पासवर्ड म्हणजे दुकानाच्या शटरची किल्ली, एन्क्रिप्शनची की म्हणजे आतल्या तिजोरीची. शटर तोडून आत गेलात म्हणून तिजोरी उघडत नाही. कंपनीकडे मास्टर की असते हे धादांत खोटं आहे. की हरवली तर आम्हीही काही करू शकत नाही, असं या कंपन्या एन्क्रिप्शन सुरू करतानाच बजावतात. या कुलपासाठी वापरल्या जाणाऱ्या एईएस-२५६ पद्धतीत शक्य असलेल्या किल्ल्यांची संख्या ७८ आकडी आहे. डेटा रिकव्हरीवाले तुटलेलं हेड बदलतील, जळलेला बोर्ड बदलतील, ही की ओळखून काढणार नाहीत.

आणि इथेच ते बटणही जपून वापरायला लागतं. एन्क्रिप्टेड शेअर्ड फोल्डर आज आपोआप उघडत असतील, तर रीसेटनंतर ते बंद होतात आणि आपोआप उघडण्याची सोय निघून जाते. २०२३ च्या डीएसएम ७.२ (सिनॉलॉजीची सिस्टिम) पासून अख्खा व्हॉल्यूम एन्क्रिप्ट करता येतो. त्याची की डब्यातच ठेवलेली असेल तर रीसेटनंतर रिकव्हरी की मागितली जाते. म्हणजे आज सगळं उघडं दिसतंय आणि बटण दाबल्यावर कायमचं बंद, असं होऊ शकतं. म्हणून बहिणीला मी सांगितलं, त्या मुलाला फोन कर, पण पासवर्ड विचारू नकोस. एन्क्रिप्शन चालू केलं होतंस का आणि तेव्हा डाउनलोड झालेली की फाइल कुठे ठेवलीस, एवढंच विचार. उत्तर मिळेपर्यंत बटणाला हात नको.

रेड म्हणजे बॅकअप नाही. एका डिस्कवर डिलीट केलेली फाइल त्याच क्षणी दुसरीवरूनही जाते. यावर अधिक लिहायची गरज नसावी.

राहिला तो मोबाइल नंबर. अनोळखी माणसाला एनीडेस्कसारख्या, दुरून कॉम्प्युटर चालवू देणाऱ्या, अ‍ॅपमधून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घेणं म्हणजे शेकडो लोकांचे पॅन, बँक खाती आणि डिजिटल सहीचे टोकन त्याच्यासमोर मांडणं. या अ‍ॅपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. कुणी फोन केला असेल आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. पैसे गेले नसतील तरी त्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढा आणि बँकेचे, जीएसटीचे, आयकराचे पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदला.

हे सगळं निस्तरेपर्यंत "थोडे दिवस बॅकअप बंद ठेवू" असंही करू नका. ज्यांचे क्लायंट कंपन्या आहेत त्यांना माहीत असेल, कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांतल्या ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो. डबा अडला असेल तर तेवढे दिवस रोज संध्याकाळी यूएसबी डिस्कवर घ्या. नवा पासवर्ड ठेवला की दोन जणांच्या नावानं अ‍ॅडमिनची दोन खाती करा. पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर छापून पाकिटात घाला आणि ते पाकीट ऑफिसच्या तिजोरीत ठेवा. की फाइलची एक कॉपी वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो घरी न्या. ती त्याच डब्यात ठेवली तर कुलूप लागल्यावर तिच्यापर्यंत पोचता येणार नाही.