नाव दुकानाचे, बॅटरी कोणाची?

नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून द्वारकेपर्यंत फिरून पाहा. गाडीसाठी स्वतःच्या दुकानाच्या नावाची बॅटरी पुढे करणाऱ्या दुकानदाराला ती बनवली कोणी, असे विचारले की ‘मोठ्या कंपनीचाच माल आहे’ एवढेच ऐकायला मिळते. कोणती कंपनी? कोणता कारखाना? पाच-सहा हजार रुपये मोजणाऱ्याला हे विचारण्याचाही अधिकार नाही का? अमेरिकेत सीअर्स या दुकानांच्या साखळीने १९६७ मध्ये आणलेले ‘डायहार्ड’ हे बॅटरीचे नाव २०१९ मध्ये दुसऱ्याच विक्रेत्याकडे गेले; नाव विकले जाते, गुणवत्ता त्याच्यासोबत जातेच असे नाही. शिवाय कारखाना मोठ्या कंपनीचाच असला म्हणून काय झाले? आत शिशाच्या प्लेटा किती, त्या किती जाड, हे मागणी देणारा ठरवतो, आणि खर्च वाचवायचा तो नेमका तिथेच वाचवला जातो, हे सीलबंद डब्याकडे बाहेरून पाहून कोणाला कळणार? नाशिकच्या मे महिन्यातल्या उन्हात अशी बॅटरी लवकर दम तोडते, आणि मग वॉरंटीच्या कागदावरचा ‘प्रो-राटा’ (म्हणजे जितका काळ वापरली, तितकी भरपाई कमी) हा शब्द पहिल्यांदा दाखवला जातो. तो विकताना का दाखवत नाहीत? निर्मात्याचे नाव आणि निर्मितीचा महिना ठळक, वाचता येईल अशा अक्षरांत छापायला असा किती खर्च येतो?