गाडीची शाकारणी

पहिला थेंब पडला तो थेट सासूबाईंच्या चष्म्यावर. थेंब कसला, अर्धं फुलपात्र. मागच्या जूनमधली गोष्ट, सिंहगड रोडला सिग्नलला ब्रेक मारला आणि आरशाच्या वर तो छोटा दिवा असतो ना, त्या दिव्यातून पाणी एकदम भसकन खाली आलं. सासूबाईंना मानाने पुढे बसवलेलं. त्यांनी शांतपणे चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "एसीचं असेल."

मागून बायको म्हणाली, "एसीचं नाही गं आई, सनरूफचं आहे. हौसेचं."

ही हौस म्हणजे २०१७ साली मी घेतलेली २०१० ची सेकंडहँड सेडान. बघायला गेलो तेव्हा शहाण्या माणसाने इंजिन बघावं, टायर बघावेत, सर्व्हिसचं रेकॉर्ड मागावं. मालकाने एक बटण दाबलं, छप्पर झुईईई करत मागे सरकलं, आणि मी वर आकाश बघत बसलो ते डायरेक्ट टोकनचे पैसे देऊनच खाली बघितलं. त्यानंतर आठ वर्षांत ते छप्पर सहा-सात वेळा उघडलं असेल. पुण्यात मार्च ते मे उघडलं तर टाळू भाजते, जून ते सप्टेंबर उघडायचा प्रश्न नाही, आणि उरलेल्या महिन्यांत रस्त्यांची खोदाई चालू असते त्यामुळे धूळ. लोणावळ्याला एकदा धुक्यात उघडलेलं, तेव्हा सगळे खूश होते, हे मी अजूनही भांडणात पुरावा म्हणून वापरतो.

तर तो पावसाळा मी ब्राऊन टेप लावून काढला. छपरावर चौकोनी टेप, आत पंचा, आणि डिकीत एक्स्ट्रा पंचा. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पन्हळ तुंबली असेल बघ." माझी आई राजापूरकडची, कौलारू घरातली, तिच्याकडे दरवर्षी मेमध्ये शाकारणी व्हायची, कौलं उतरवा, फुटकी बदला, पन्हळी साफ करा. मी हसून म्हणलं, आई, गाडी आहे ती, तिला पन्हळ नसते. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पण ठेवावं लागलं.

कारण मला गुन्हेगार आधीच सापडला होता. काचेच्या कडेने जे काळं रबर असतं ते वाळून पार कोळ झालेलं, नख लावलं तर भुगा पडत होता आणि एका कोपऱ्यात ते आकसून काडेपेटीतली काडी जाईल एवढी फट. पंधरा वर्षं उन्हात उभी राहिलेली गाडी, रबराचा तरी काय दोष. सर्व्हिस सेंटरला गेलो तर तिथला मुलगा म्हणाला, "सर, नुसतं रबर येत नाही, काचेसकट असेंब्ली येते." किंमत सांगितली. त्यात एक बऱ्या कंडिशनची जुनी स्कूटर आली असती. मग तोच म्हणाला, "आणि तसंही सर, ती पण आता बंद झालीये." म्हणजे मी उगाचच घाबरलो.

सोसायटीत सल्ल्यांना तोटा नसतो. तळमजल्यावरचे काका म्हणाले एम-सील. शेजारचा म्हणाला रबराला रोज रात्री खोबरेल तेल लाव, मऊ पडेल, केसांना लावतो तसं. हे करू नका कोणी, हे रबर ईपीडीएम जातीचं असतं, त्याला तेल, पेट्रोल, ग्रीस असलं काही चालत नाही, फुगतं आणि आणखी सैल पडतं, लावायचंच तर सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. आणि वॉचमन म्हणाला, "साहेब, सिलिकॉनचा पट्टा मारून कायमचं बंदच करून टाका ना." एकूणात हा एकच माणूस शुद्धीवर होता, पण मालकाच्या हातातलं ते झुईईई माझ्या कानात होतं.

तर यंदा मे उजाडल्यावर नाना पेठ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गाडीचा कुठलाही पार्ट पुण्यात कुठेही मिळाला नाही की माणूस शेवटी नाना पेठेत उभा असतो. तीन दुकानांनी मान हलवली. चौथ्याने मान वर न करता विचारलं, "सॅम्पल आणलंय?"

"फोटो आहे."

"फोटोवरून रबर कसं देऊ? जाडी कळते का फोटोत? लिप सिंगल आहे का डबल?"

मला स्वतःच्या गाडीचे ओठ माहीत नव्हते. गेलो घरी, काच तिरकी उचलून रबर ओढून काढलं, जुन्या नाडीसारखं गुंडाळून पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. त्याने उलगडलं, आतल्या खाचेत नख घातलं, वास घेतला (का घेतला असेल?), आणि मी हं हं म्हणेपर्यंत काउंटरखालून ब्लेड काढून दोन इंचाचा तुकडा सपकन कापला. "हा दिल्लीला पाठवतो, कश्मीरी गेटला. मिळालं तर फोन करीन."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर नाही करणार."

म्हणजे आता जुनं रबर पण कापलेलं, नवीन दिल्लीत असलं तर असलं, आणि गाडीच्या छपराला चारी बाजूंनी बोटभर फट. त्याच संध्याकाळी वळीव आला. मी लेंग्यावर निळी ताडपत्री घेऊन खाली पळालो, एक टोक बांधलं की दुसरं उडत होतं, आणि गॅलरीतून काका ओरडत होते, "एम-सील सांगितलं होतं!" पुढचे नऊ दिवस गाडी ताडपत्रीखाली होती. पोराला शाळेच्या सुट्टीत मित्रांना दाखवायला तेवढंच एक झालं, आमच्या गाडीला तंबू आहे.

दहाव्या दिवशी फोन आला. अडीच मीटर रबर, अठ्ठावीसशे रुपये, पण कुरिअरवाल्याने त्याची चार ठिकाणी घडी घातलेली आणि घडीवर रबर चपटं झालेलं. दुकानदार म्हणाला, "उन्हात टाका तासभर, सरळ होतं." आई तेव्हा आमच्याकडे आलेली आणि गच्चीवर तिचं वाळवण चालू होतं. एका साडीवर पापड, दुसऱ्या साडीवर कुरडया, त्यात मी माझं अडीच मीटर काळं रबर नागमोडी पसरून ठेवलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी वाकून बघत म्हणाल्या, "काकू, ही नाचणीची आहे का हो?" आई म्हणाली, "नाही, ही अठ्ठावीसशेची आहे."

रविवारी सकाळी सात वाजता सुरुवात केली. काच चार स्क्रूंवर असते आणि ते स्क्रू साधे नसतात, त्यांना चांदणीच्या आकाराचा बिट लागतो. हार्डवेअरवाला त्याला स्टार म्हणतो, माझ्या गाडीला टी-२५ लागला. काच वर उचलून काढावी लागते, ती दिसते त्याच्या दुप्पट जड असते, म्हणून बायकोला बोलावलं. आम्ही दोघं गाडीत समोरासमोर, हात वर, काच डोक्यावर धरून, गोवर्धन उचलल्यासारखे. तेवढ्यात बेल वाजली आणि ती म्हणाली, "दूधवाला असेल, धर हं जरा," आणि गेली. दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत मला माझ्या आयुष्यातले बरेच निर्णय आठवले.

नवीन रबर मागच्या बाजूला मधोमध सुरू करायचं, म्हणजे जोड तिथे येतो. आणि ताणायचं नाही! हे मी तीन व्हिडिओत ऐकलं होतं, तरी ताणलंच, कारण ताणलं की कसं गुळगुळीत सुंदर बसतं. पूर्ण फिरवून आलो तर चार बोटं रबर शिल्लक. मी म्हणलं वा, दिल्लीवाल्याने जास्तीचं दिलंय, आणि कात्री मागितली. बायकोने दिली नाही. तिचं म्हणणं, लेंग्यात नाडी घालताना पण तू असंच करतोस. काढलं सगळं, परत घातलं, या वेळी ओढण्याऐवजी इंचाइंचाने खाचेत दाबत दाबत, अंगठ्याचं नख निळं झालं पण शेवटी टोकाला टोक भिडलं. ताणून कापलं असतं तर महिन्याभरात आकसून तीच काडीची फट पुन्हा आली असती.

आता नुसती काच बसवायची. तीन स्क्रू बसले. चौथा हातातून निसटला, टिक टिक टिक करत कडेच्या खाचेतून घरंगळत पुढच्या कोपऱ्यात गेला आणि आवाज बंद. फ्रिजवरचा गोव्याहून आणलेला माशाचा मॅग्नेट काढला, दोऱ्याला बांधला, आणि गाडीच्या छपरात गळ टाकून बसलो. पोरगं बाजूला श्वास रोखून. मासा वर आला तेव्हा त्याच्या पोटाला स्क्रू होता, आणि स्क्रूला काळा चिखल. परत बोट घालून बघितलं तर अख्खा कोपरा गच्च. गाडी वर्षानुवर्षं गुलमोहराखाली उभी, त्याची ती तिळाएवढाली पानं, धूळ, एक मेलेली गांधीलमाशी, सगळं दाबून बसवल्यासारखं, आणि त्याखाली करंगळीएवढं एक भोक.

गाडीला पन्हळ असते. रबर कधीच सगळं पाणी अडवत नाही, थोडं आत येणार हे धरूनच काचेखाली चौकटीला खाच ठेवलेली असते आणि तिच्या चार कोपऱ्यांतून चार नळ्या निघतात. पुढच्या दोन समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबातून खाली, मागच्या दोन मागच्या खांबातून. त्या तुंबल्या की खाच तलावासारखी भरते आणि ब्रेक मारला की तो तलाव पुढे येतो, दिव्यातून, सासूबाईंच्या चष्म्यावर. म्हणजे मी अठ्ठावीसशे रुपये, नऊ दिवस, एक नख, सगळं कशावर लावलं होतं बघा.

मी वर बघितलं. आई गॅलरीत उभी होती. काही बोलली नाही. हेच वाईट.

माळीकाकांकडून गवत कापायच्या मशिनची नायलॉनची दोरी आणली आणि हळूहळू आत सरकवली (कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, आतली नळी सांध्यातून निसटते, मग छपराचं अख्खं कापड उतरवा). दोरी अडली, फिरवली, परत अडली, मग एकदम सुटली. फुलपात्राने पाणी ओतलं, गुडगुड आवाज आला, आणि पुढच्या चाकामागून कोऱ्या चहासारखं पाणी रस्त्यावर आलं. पोराने टाळ्या वाजवल्या. वरून आई म्हणाली, "झालं ना? मग ते रबर परत घेतील का बघ."

काच बसवून उंची लावली, पुढची कड छपरापेक्षा कणभर खाली, नाहीतर हायवेला शिट्टी वाजते. दहाची नोट कडेत धरून छप्पर बंद करून ओढून बघायची असते, जरा अडकत आली की रबर नीट दाबलं जातंय. आमची फाटली. म्हणजे छानच बसलं.

मृगाचा पाऊस वेळेवर आला. आम्ही चौघं पार्किंगमध्येच गाडीत जाऊन बसलो, काचा बंद, माना वर, वीस मिनिटं. बाहेर धो धो, आत एक थेंब नाही. पोराचा हात हळूच बटणाकडे गेला, "बाबा, एकदाच उघडू?" तर तिघं एकदम एवढ्या जोरात ओरडलो की वॉचमन छत्री घेऊन धावत आला.

त्या बटणावर आता टेप आहे. मागच्या वर्षीच्याच रोलमधला, थोडा उरला होता.